प्रत राखण्याची विद्या

घरोघरी संगणक आले आणि घरातले कागद कपाटातून उठून त्यात जाऊन बसले. मुलांचे दाखले, जमिनीचे उतारे, लग्नाची छायाचित्रे, नोकरीच्या पगारपावत्या, सारे काही त्या एका पेटीत असते. ही पेटी बिघडली तर काय करावे, असे विचारले की दुकानदार एखाद्या बॅकअप सॉफ्टवेअरचे नाव सांगतो आणि आपण ते मुकाट्याने घेतो. हा प्रश्न यंत्राचा आहे, त्यात आपल्याला काय कळते, अशी आपली समजूत असते. माझे म्हणणे निराळे आहे. प्रत कशी राखावी हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. आणि आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा त्याच्याशी सातशे वर्षांचा संबंध आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. कागदाचे मोल मला कामगार संघटनेच्या कामात कळले. कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाताला पडलेले घट्टे कोणी पुरावा म्हणून मानीत नाही. हजेरी, पगारपावती आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद हाच त्याचा पुरावा. या निधीचा कायदा १९५२ सालचा, त्याखालील निवृत्तिवेतनाची योजना १९९५ सालची. आणि ते वेतन ठरते नोकरीच्या वर्षांवरून. वर्षांचा कागद हरवला की घाम गाळलेली वर्षेही वादात सापडतात. तेव्हा प्रत राखणे ही माझ्या लेखी हौसेची बाब नव्हे, भाकरीची आहे.

आता सातशे वर्षे मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यातील सराळे गावचा म्हाइंभट हा विद्वान श्रीचक्रधरांचा अनुयायी झाला. चक्रधरांच्या मागे त्याने नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, आठवणी गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभावांची परंपरा सांगते. मग हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. ग्रंथ वाचला, पण एकाचे निरनिराळे पाठ झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी त्याची आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध केली, तीही अनेक पोथ्या ताडून पाहिल्यावरच.

यातून पहिला धडा निघतो तो असा, की मूळ आणि प्रत एकाच गाठोड्यात असता कामा नये. आजचे जाणकार हाच नियम तीन, दोन, एक या आकड्यांत सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. संगणकातली फाइल त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवणे म्हणजे एकाच गाठोड्यात दोन पोथ्या बांधणे होय. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि त्याने लाखो संगणकांतील फाइलींना कुलूप घातले. अशा प्रोग्रामच्या तडाख्यात संगणकाला सदैव जोडून ठेवलेली डिस्कही सापडते. म्हणून प्रत झाली की डिस्क काढून ठेवावी. धाड आली तर ती घरातल्या साऱ्या कोनाड्यांत शिरते.

दुसरी गोष्ट त्याच पंथाची. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरून ठेवले. पोथ्या सुरक्षित राहिल्या. पण इतक्या सुरक्षित, की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतके त्या वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांसारख्या संशोधकांनी तो संकेत उलगडला, तेव्हा कोठे हे भांडार सर्वांसाठी खुले झाले. पंथाने संकेताची किल्ली सांभाळून ठेवली होती म्हणून निदान पंथात तरी त्या वाचल्या जात होत्या. किल्लीच हरवली असती तर?

हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडताना जरूर विचारावा. प्रतीला परवलीचा शब्द लावण्याची सोय असावी, कारण डिस्क चोरीस जाते. पण तो शब्द कागदावर लिहून दुसऱ्या विश्वासू ठिकाणी ठेवावा. खरे कुलूप असेल तर शब्द विसरणाऱ्याला कंपनीही ते उघडून देऊ शकत नाही. तसेच, ते सॉफ्टवेअर प्रत कोणत्या रूपात ठेवते तेही पाहावे. विंडोज एक्सपीच्या काळातील एनटीबॅकअपच्या प्रती पुढच्या व्हिस्टामध्ये सरळ उघडेनात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. क्रॅशप्लॅन चालविणाऱ्या अमेरिकी कंपनीने त्याची घरगुती ग्राहकांची सेवा बंद करीत असल्याचे २०१७च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले आणि २०१८च्या ऑक्टोबरात ती बंद केली. कंपन्या येतात, जातात. साधी फाइल साध्या रूपात ठेवणारे साधन म्हणूनच बरे. आपल्या मराठीला तर ही ठेच फार लागली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकलेले मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतात. प्रत शाबूत असते, पण अर्थ गेलेला असतो.

तिसरी गोष्ट नेवाशाची. १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी झाली. पुढील तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होताना तीत चुका आणि भर पडली. पैठणच्या एकनाथांनी जुन्या प्रती मिळवून, ताडून, १५८४ साली शुद्ध पाठ सिद्ध केला. हे त्यांना साधले, कारण ताडून पाहायला प्रती होत्या. जुनी प्रत नव्या प्रतीखाली गाडली गेली असती तर नाथांची विद्वत्ताही लंगडी पडली असती.

घरी हेच घडते. आपण चुकून फाइल बिघडवतो, आणि दोन ठिकाणच्या फाइली केवळ सारख्या ठेवणारे साधन ती बिघडलेली फाइल इमानाने दुसरीकडेही उतरवते. याला जुळवणी म्हणावे, बॅकअप म्हणू नये. बॅकअप जुन्या आवृत्त्याही राखतो. अ‍ॅपलचे टाइम मशीन (२००७) चोवीस तासांतल्या तासातासाच्या, महिन्यातल्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती, जागा असेतो, ठेवते. विंडोजमधली फाइल हिस्टरी (२०१२) फाइलींच्या मागच्या आवृत्त्या राखते. ही दोन्ही साधने संगणकाबरोबरच मिळतात. फार खर्च करण्यापूर्वी ती वापरून पाहावीत.

आणि शेवटची कसोटी सर्वांत मोठी. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे बरेचसे काम एका चुकीच्या आज्ञेने पुसले गेले. कंपनीची बॅकअप यंत्रणा होती. पण ती नीट चालत नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. काम वाचले ते गॅलिन सुस्मन या बाईंमुळे. लहान मूल असल्याने त्या घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. एवढ्या बलाढ्य कंपनीला शेवटी कामगाराच्या घरातल्या प्रतीचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट माझ्यासारख्याच्या लक्षात राहिल्यावाचून कशी राहील?

म्हणून माझे सांगणे एवढेच. साठवण्यावरून सॉफ्टवेअर निवडू नका. परत देण्यावरून निवडा. येत्या रविवारी घरातली एक पगारपावती आणि एक छायाचित्र घ्या, प्रतीतून ती दुसऱ्या संगणकावर परत आणा आणि डोळ्यांनी वाचून पाहा. उघडली तर ते सॉफ्टवेअर तुमचे. न उघडली तर त्याची जाहिरात कितीही गोड असो, ते सोडून द्या. दर सहा महिन्यांनी ही परीक्षा पुन्हा घ्या. म्हाइंभटाच्या पोथीसाठी पाठांतर केलेली माणसे होती. आपल्या घरातल्या कागदांचे पाठांतर कोणीही केलेले नाही.