टाळेबंदी आणि फिटची गोळी

१९१२ साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांना आढळले, की झोपेसाठी दिले जाणारे फेनोबार्बिटोन अपस्माराचे झटकेही थोपवते. हे स्वस्त औषध आपल्याकडे आजही वापरात आहे. आपल्या वर्गातही ते घेणारे एखादे मूल असू शकते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण ३ ते ४ दिवस लागतात. त्यामुळे गोळ्या संपल्या तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग झटके सुरू होतात. ते थांबेनात, तर जिवावर बेतते.

आता २०२० चा मार्च आठवू. नेवासे तालुक्यातल्या सोनईहून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचे तर बहुधा नगर किंवा पुणे गाठावे लागते. टाळेबंदीत एस.टी. थांबली, जिल्ह्याबाहेर जाणारी २० ऑगस्टला पुन्हा सुरू झाली. कोरोनाचा विषाणू अंगाला न शिवताही रुग्ण संकटात सापडला तो असा.

सरकारने २५ मार्चलाच दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम काढले. ही तत्परता आम्हाला कौतुकाची वाटते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातली औषधे अशा सल्ल्याने लिहून देण्यास त्यांत मनाई होती, आणि फेनोबार्बिटोन व क्लोबाझम नेमकी त्याच कायद्याखाली येतात! कायद्याला नशा रोखायची होती. अडली ती फिटची गोळी. पुढे दुरुस्ती झाली आणि व्हिडिओवर रुग्णाला पाहून ही औषधे देण्याची मुभा मिळाली. तोवर जवळच्या डॉक्टरांना समक्ष भेटूनच चिठ्ठी घ्यावी लागत होती.