कलासमीक्षक वेनराइटची कुकीर्ति

सद्ग्रंथांच्या वाचनानें आणि ललितकलांच्या सहवासानें मनुष्याचें मन निर्मळ होतें, अशी सुशिक्षित समाजाची दृढ श्रद्धा आहे. वर्गांत काव्य शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांचा तर पोटापाण्याचा धंदाच तीवर उभा आहे! या श्रद्धेस टॉमस ग्रिफिथ्स वेनराइट या इंग्रज गृहस्थाच्या चरित्राइतका जबर धक्का दुसऱ्या कोणत्या चरित्रानें दिला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

वेनराइट १७९४ सालीं जन्मला. आई बाळंतपणांतच वारली, म्हणून आजोबांनीं त्याचा सांभाळ केला. हे आजोबा राल्फ ग्रिफिथ्स म्हणजे ‘मंथली रिव्ह्यू’ या प्रसिद्ध टीकामासिकाचे संस्थापक. तेव्हां पुस्तकें नि परीक्षणें यांचें बाळकडू नातवास घरींच मिळालें. थोडे दिवस लष्करांत काढून तो चित्रकलेकडे वळला, आणि १८२० सालीं ‘लंडन मॅगझीन’ निघतांच ‘जेनस वेदरकॉक’ या टोपणनांवानें त्यांत कलाविषयक लेख लिहूं लागला. ज्या मासिकांत लॅम्बचे ‘एलिया’चे निबंध आले, हॅझलिट नि डी क्विन्सी ज्यांत लिहीत, त्यांतच हा लिही. लॅम्बचा त्याच्यावर लोभ होता. ब्लेकला बहुतेक लंडन वेडा समजत असतां वेनराइटनें त्याच्या कृति विकत घेतल्या, यावरून त्याची दृष्टि मर्मग्राही होती हें कबूल केलें पाहिजे. त्याचें गद्य मात्र आम्हांस अलंकारांनीं जड वाटतें. त्यांत चित्रापेक्षां लेखकाच्या अंगठ्याच अधिक चमकतात.

हा थाट मिळकतींत बसेना. त्याच्या नांवचे ५२५० पौंडांचे रोखे विश्वस्तांच्या ताब्यांत असून त्याला केवळ व्याज मिळे. १८२२ आणि १८२४ सालीं विश्वस्तांच्या खोट्या सह्या करून त्यानें तें मुद्दल बँक ऑफ इंग्लंडमधून काढलें. चित्रकाराचा हात अनुकरणांत तरबेज असतो! १८२८ त मामा वारला व त्याचें घर वेनराइटकडे आलें. १८३० त सासू गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हेलन ही ऐन विशींतली मेव्हणी आकस्मिक वारली. तिच्या आयुष्याचे हजारों पौंडांचे अल्पमुदतीचे विमे थोड्याच महिन्यांपूर्वीं अनेक कंपन्यांकडे उतरविले होते. कंपन्यांनीं पैसे नाकारले. दावा लागला, आणि १८३५ सालीं तो वेनराइटच्या विरुद्ध गेला.

मध्यंतरीं तो फ्रान्सांत पळाला होता. १८३७ त लंडनला परततांच पकडला गेला व जन्मठेपेवर व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचें टास्मानिया, येथें रवाना झाला. पण कोणत्या गुन्ह्याबद्दल? केवळ खोट्या सह्यांबद्दल. विषप्रयोगाचा आरोप त्याच्यावर कोणत्याहि न्यायालयांत ठेवलाच गेला नाहीं. कुचल्याच्या सत्त्वासारखीं वनस्पतिज विषें प्रेतांतून शोधून काढण्याची खात्रीची रीत स्टास या बेल्जियन रसायनज्ञानें १८५० च्या सुमारास बसविली. तोंवर संशयाला पुराव्याचें रूप येणेंच कठीण होतें.

न्यायालयानें जें केलें नाहीं तें कादंबरीकारांनीं केलें. न्यूगेट तुरुंगांत डिकन्सबरोबर गेलेल्या मॅक्रीडी या नटानें कैद्यांत आपला जुना परिचित ओळखला, आणि पुढें १८५९ त डिकन्सनें त्या छायेंत ‘हंटेड डाउन’ लिहिलें. त्याआधींच, १८४६ त, बुल्वर लिटननें ‘ल्युक्रीशिया’ रचली होती. हेलनचे घोटे जाड होते म्हणून आपण तिला मारिलें, असें तो तुरुंगांत म्हणाल्याची कथा तर सर्वतोमुखीं झाली. ती ऐकीव आहे. इतिहासांत तिला जागा नाहीं. १८८९ सालीं ऑस्कर वाइल्डनें निबंध लिहून या मनुष्याचें पाप आणि त्याची शैली हीं एकमेकांस पोषक ठरविलीं. वाइल्डचा निबंध चटकदार खरा. परंतु त्यांत हेलन ही एक जिवंत मुलगी होती याची आठवण फारशी राहत नाहीं. आमच्या मतें संशय अत्यंत बळकट आहे. तथापि त्याला सिद्ध गुन्हा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

होबार्ट येथें या कैद्यानें इस्पितळांत चाकरी केली, आणि फावल्या वेळीं तेथील प्रतिष्ठित कुटुंबांचीं व्यक्तिचित्रें काढलीं. १८४४ त त्यानें सवलतीसाठीं केलेला अर्ज फेटाळला गेला. १८४७ च्या ऑगस्टांत तो तेथेंच वारला. तीं चित्रें ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतील तरुण स्त्रियांचे चेहरे फार हळुवार हातानें रंगविलेले आहेत.