यमू स्वतः बोलते

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं. त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः आली. विधवेचं दुःख सांगायला त्यांनी दुसरा कुणी उभा केला नाही. यमू आपली हकिगत आपल्याच तोंडानं सांगते. नवरा रघुनाथ जीव लावणारा, शिकण्याला पाठबळ देणारा. तो जातो आणि सासरचे जबरदस्तीनं तिचं केशवपन करतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण उंबऱ्याच्या आत कुठं आला?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आमच्या सोनपेठकडच्या बचत गटांत विधवा बाई हप्ता वेळेवर भरते, हळदीकुंकवाला मात्र मागं बसते. येत्या संक्रांतीला पहिलं वाण तिलाच द्यायचं आम्ही ठरवलंय.