स्त्रीचे दुखणे आणि शस्त्रक्रियेची दोनशे वर्षे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा संप, बोनस, किमान वेतन अशा एखाद्या विषयावर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी विचारले, "हा विषय डॉक्टरांचा नव्हे काय?" प्रश्न रास्त होता. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने दिले. शरीरशास्त्र शिकवण्याचा मला अधिकार नाही. परंतु या विषयाला एक इतिहास आहे, त्या इतिहासात कामकरी बायका जागोजागी उभ्या आहेत, आणि तो इतिहास एके दिवशी माझ्याच घरात येऊन बसला.

माझी पत्नी विड्या वळत असे. मजुरी हजारावर, विडी वळली तर पैसे, नाही वळली तर नाही. दर महिन्याला तीन-चार दिवस ती सुपावर वाकलेली असे आणि मध्येच सूप बाजूला सारून भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसे. मी विचारी, "काय झाले?" ती म्हणे, "नेहमीचेच." आणि मी, ज्याने शेकडो सभांतून कष्टकऱ्यांच्या हालांवर भाषणे केली, तो मी म्हणे, "सगळ्याच बायकांचे असते." हे वाक्य मी दहा वर्षे बोललो. शेवटी ती एकदा घेरी येऊन पडली. ज्या दवाखान्यात नेले तेथील डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला, "पिशवी काढून टाका. एक मुलगी आहे ना? मग आता पिशवीचा उपयोग काय?" तिचे वय त्या वेळी तेहतीस होते. दुखणे कोणते, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, कारखान्यातले यंत्र काढायचे तरी तुम्ही नोटीस मागता. माझ्या अंगातले काढायचे, तर कारण नको का विचारायला?"

त्या एका प्रश्नामुळे मी वाचायला बसलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्राचीन ग्रीक वैद्यांची अशी समजूत होती की, गर्भाशय शरीरात जागा सोडून भटकते आणि त्यामुळे बाईला नाना विकार होतात. 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आला. बाईच्या तक्रारीला वेडाची छटा चिकटली ती अशी, आणि शब्द जुने झाले तरी छटा पुसली गेली नाही.

पोट उघडण्याचे धाडस त्यानंतर पुष्कळ शतकांनी झाले. 1809 साली अमेरिकेच्या केंटकी संस्थानात इफ्राइम मॅक्डॉवेल या डॉक्टराने जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून बीजकोशाची मोठी गाठ काढली. भूल देण्याचे औषध तोवर निघालेच नव्हते. बाई शुद्धीवर होती, आणि ती त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगली. इतिहासात डॉक्टरांचे नाव ठळक छापतात. मला वाटते, धैर्याचा मोठा वाटा टेबलावर निजलेल्या बाईचा होता. चार वर्षांनी, 1813 साली, जर्मनीत लांगेनबेक यांनी योनिमार्गाने गर्भाशय काढले.

पोट उघडून गर्भाशय काढण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न 1843 साली चार्ल्स क्ले यांनी मँचेस्टरला केला. ती रोगी वाचली नाही. 1853 साली वॉल्टर बर्नहॅम यांच्या हातून रोगी वाचली, ती अमेरिकेतील लॉवेल गावी. दोन्ही वेळा शस्त्रक्रिया बीजकोशाची गाठ समजून सुरू झाली आणि निघाली गर्भाशयाची गाठ. ही दोन गावांची नावे वाचून मी पुस्तक खाली ठेवले. मँचेस्टर म्हणजे कापड गिरण्यांची जननी. आणि लॉवेल मला कामगार चळवळीच्या इतिहासातून ठाऊक होते: तेथील गिरण्यांतल्या मुलींनी 1834 साली मजुरीकपातीविरुद्ध आणि 1836 साली वसतिगृहाच्या आकारातील वाढीविरुद्ध संप केले, आणि 1840 नंतरच्या दशकात सारा बॅगली हिच्या पुढारीपणाखाली दहा तासांच्या दिवसासाठी संघटना उभारली. एकाच गावाचे दोन इतिहास मी इतके दिवस वेगवेगळ्या कपाटांत ठेवले होते.

ईथर 1846 साली आले, क्लोरोफॉर्म 1847 साली, आणि जंतुनाशनाची लिस्टरची पद्धत 1867 साली. शस्त्रक्रिया त्यामुळे सुसह्य झाली आणि हळूहळू सुरक्षितही. परंतु हे ज्ञान ज्यांच्या अंगावर मिळवले गेले त्या कोण होत्या, हेही सांगितले पाहिजे. अलाबामात 1845 ते 1849 या काळात मॅरियन सिम्स याने प्रसूतीनंतरच्या जखमांवरील शस्त्रक्रिया गुलाम स्त्रियांवर पुन्हा पुन्हा, भूल न देता, करून पाहिल्या. त्यांतील तिघींची नावे आज माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. न्यूयॉर्कमधील सिम्सचा पुतळा 2018 साली हलवण्यात आला.

शस्त्र सुरक्षित झाले की ते चालवण्याचा मोहही वाढतो. 1872 साली जॉर्जियातील रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या वेदनांवर आणि मानसिक त्रासावर इलाज म्हणून बाईचे बीजकोश काढण्याची रीत सुरू केली. ते बीजकोश रोगट असलेच पाहिजेत असा नियम नव्हता. ही रीत दोन्ही खंडांत पसरली आणि पुढे डॉक्टरांच्याच टीकेमुळे मागे पडली. दुखते कशाने हे ठाऊक नसताना दुखरी जागा कापून काढायची, ही सवय मात्र तेव्हापासूनची आहे.

मग दुखते कशाने? गर्भाशयाच्या आत एक अस्तर असते. ते दर महिन्याला वाढते आणि पाळीत गळून पडते. तसल्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशांवर, आतड्यांवर, मूत्राशयावर रुजतात, आणि पाळीच्या दिवसांत त्याही सुजतात, रक्त सोडतात. त्या रक्ताला बाहेर वाट नसते. त्यातून सूज, व्रण आणि अवयव एकमेकांना चिकटणे हे सारे उद्भवते. बीजकोशात साठलेले जुने रक्त तपकिरी दिसते, म्हणून त्या गाठीला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. व्हिएन्नाच्या रोकितान्स्की यांनी 1860 साली अशा विकृतीचे वर्णन केले होते. परंतु रोगाला 'एंडोमेट्रिओसिस' हे नाव रूढ केले ते अमेरिकेतील ऑल्बनी येथील जॉन सॅम्पसन यांनी, 1920 नंतरच्या दशकात. पाळीचे थोडे रक्त उलटे पोटात उतरते आणि त्यातील पेशी रुजतात, अशी उपपत्ती त्यांनी 1927 साली मांडली. तिने सगळे कोडे सुटत नाही. कारण असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत उतरते आणि रोग थोड्यांनाच होतो.

नाव मिळाले, पण दोष गेला नाही. 1940 नंतरच्या दशकात बॉस्टनचे मोठे डॉक्टर मेग्ज यांनी उशिरा लग्न आणि उशिरा मूल हे या रोगाचे कारण धरले. पुढे कित्येक वर्षे हा शिकलेल्या, नोकरदार, सुखवस्तू बायकांचा रोग समजला गेला. परिणाम असा की, गरीब बाईला तो असेल हे कोणाच्या मनातही येईना. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पाळीच्या वयातील दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला, म्हणजे जगात सुमारे 19 कोटी स्त्रियांना हा रोग आहे. त्यांत विड्या वळणाऱ्या नसतील काय?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्या रोगाच्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर आहेत, तो नुसते गर्भाशय काढून हमखास जाईलच असे नाही. बाहेरचे व्रण राहिले तर दुखणे राहू शकते. बरोबर बीजकोशही काढले, तर तरुण वयातच पाळी जाण्याचे सारे परिणाम येतात: हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे. उलट काही स्त्रियांत अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच घुसलेले असते, आणि तेथे हीच शस्त्रक्रिया वरदान ठरते. म्हणजे प्रश्न शस्त्रक्रिया वाईट की चांगली हा नव्हे. कोणासाठी, कोणत्या कारणाने, कोणते उपाय थकल्यावर, आणि कोणाच्या संमतीने, हा आहे.

हा प्रश्न न विचारता काय होते, ते आपल्या बीड जिल्ह्याने दाखवले. 2019 साली तेथील ऊसतोड मजूर बायकांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते.

याचे मूळ नुसत्या दवाखान्यात शोधू नका. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पहाटेपासून तोड, डोक्यावर मोळ्या, राहायला कोप, आडोसा नाही, पाणी नाही. एक खाडा झाला की दंड. त्या वेळच्या वृत्तांतांत 500 रुपयांचा आकडा आला होता. अशा बाईला पाळी म्हणजे कर्जात भर. अंगावरून जाते म्हणून ती खाजगी डॉक्टरकडे गेली आणि त्याने कॅन्सरची भीती घातली, की ती आणखी कर्ज काढून पिशवी काढून येते. कागदावर अंगठा तिचाच असतो. पण ज्या संमतीच्या मागे मुकादमाची वही उभी आहे, तिला संमती म्हणणे मला जड जाते.

कायदा अगदीच झोपला होता असे नाही. राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी 2013 साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी निकाल दिला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची 2022 ची मार्गदर्शक सूत्रे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश केला. कामगार चळवळीचा वारसाही आहे. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 साली तो कायदा झाला. जपानच्या 1947 च्या कायद्यात पाळीच्या त्रासाची रजा आहे. बिहार सरकारने 1992 पासून आपल्या स्त्री-नोकरांना महिन्याला दोन दिवस दिले. स्पेनने 2023 साली कायदा केला. परंतु हजारावर मजुरी घेणारीला आणि कोयत्यावर जाणारीला रजा देणार कोण? आमच्या मागणीपत्रकांत बाळंतपण आले, पाळणाघर आले; हे दुखणे माझ्या हयातीत एकदाही आले नव्हते. तो दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आम्हा पुढाऱ्यांचा.

माझ्या घरची गोष्ट पुरी करतो. आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतले, तपासण्या केल्या, रोगाचे नाव कागदावर लिहून दिले. ते नाव ऐकून माझी पत्नी रडली. मला वाटले भीतीने. ती म्हणाली, "म्हणजे मी ढोंग करत नव्हते." दुर्बिणीतून एक शस्त्रक्रिया झाली, मग गोळ्या. दहा वर्षे बरी-वाईट गेली. पुढे भिंतीतला रोग बळावला, रक्त हटेना, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने पिशवी काढून घेतली. बीजकोश ठेवायचे हे तिने विचारून ठरवले. कागदावर सही करण्यापूर्वी तो तिने स्वतः मोठ्याने वाचला, आणि मी शेजारी बसून ऐकला.

यंदा आमच्या मागणीपत्रकात अकरावे कलम पाळीच्या दुखण्याच्या रजेचे आहे. ते लिहून तिने दिले. मी फक्त शुद्धलेखन तपासले.