मकतबापासून ‘झिंगाट’पर्यंत

गेल्या मे महिन्यात पिंगुळीत शेजारच्या घरी हळदीला गेलो होतो. रात्री बेंजोवाल्यांनी ‘झिंगाट’ धरलं आणि मांडवातली सगळी पोरं पुढे धावली. बहुतेक सात-आठ वर्षांची. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला, तेव्हा यातली कुणी जन्मलीही नव्हती. तरी प्रत्येकाला ठेका पाठ. दमून बाजूला येऊन बसलेल्या एकाला मी विचारलं, ‘‘सिनेमा बघितलंस काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘गाणी बघलंय. शेवट आई बघूक देणा नाय.’’

त्या पोराचं उत्तर बरेच दिवस डोक्यात राहिलं. शाळा-कॉलेजातल्या प्रेमाचे गाण्यांनी भरलेले सिनेमे पिढ्यानपिढ्या का टिकतात, या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं.

अमेरिकेत असा एक सिनेमा आहे, ‘ग्रीज’. १९७८ सालचा, पण त्यातली शाळा १९५८-५९ सालची. तो आला तेव्हाच प्रेक्षक वीस वर्षं मागे वळून पाहत होते. त्यातल्या शाळकरी नायिकेचं काम करणारी ऑलिव्हिया न्यूटन-जॉन चित्रीकरणाच्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती. म्हणजे ती शाळा मोठ्या माणसांनी आठवलेली शाळा होती. त्यातली भांडणं कपड्यांवरून, गाड्यांवरून आणि टोळक्यांवरून होतात. प्रेमात पडल्याबद्दल कुणाचा जीव जात नाही. शेवटी जत्रा भरते, सगळे नाचतात.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे, आणि तिचा शेवट जत्रेत होत नाही. लैला-मजनूचीच गोष्ट घ्या. निजामी गंजवी यांनी ती ११८८ साली फारसी काव्यात बांधली. त्यात कैस आणि लैला भेटतात कुठे? मकतबात, म्हणजे शाळेत. वेगवेगळ्या कबिल्यांची मुलं एका जागी बसून अक्षरं गिरवतात आणि तिथेच ही दोघं एकमेकांत गुंततात. गवगवा होताच लैलाला घरी बसवतात आणि तिचा बाप अब्रूसाठी कैसला नकार देतो. पुढचं सगळं वाळवंट आपल्याला ठाऊक आहे. पण त्या गोष्टीची सुरुवात वर्गात होते, हे आपण सहसा विसरतो.

हिंदी सिनेमाने ही सुरुवात उचलली. नासिर हुसेन यांनी लिहिलेला आणि त्यांचा मुलगा मन्सूर खान यांनी दिग्दर्शित केलेला ‘कयामत से कयामत तक’ २९ एप्रिल १९८८ रोजी आला. ‘सैराट’च्या बरोबर अठ्ठावीस वर्षं आधी, त्याच तारखेला. त्यातही नायक पहिल्यांदा मन मोकळं करतो ते कॉलेजच्या निरोप समारंभात, हातात गिटार घेऊन. आणि शेवटी दोन घराण्यांच्या वैरात दोघंही मरतात. मग १९९२ साली मन्सूर खान यांचाच ‘जो जीता वही सिकंदर’ आला. डेहराडूनची कॉलेजं, सायकलची शर्यत, श्रीमंत आणि गरीब मुलांची चुरस. त्यातलं पहिल्या प्रेमाचं गाणं आजही सोळा-सतरा वर्षांची पोरं गातात. ते लिहिणारे मजरूह सुलतानपुरी तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. युनानी हकिमी शिकलेला हा शायर १९४६ सालच्या ‘शाहजहाँ’पासून सिनेमासाठी लिहीत होता.

‘सैराट’ मला या रांगेत बसलेला दिसतो, पण त्याने एक गोष्ट वेगळी केली. यातली आर्ची झालेली रिंकू राजगुरू खरोखरच शाळकरी मुलगी होती, अकलूजची. गाव नागराज मंजुळे यांच्या ओळखीचं, करमाळ्याकडचं. अजय-अतुल यांनी चार गाणी केली, त्यांच्यासाठी थेट हॉलिवूडमध्ये सिम्फनीचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि ही चारही गाणी पहिल्या भागात संपतात. दोघं पळून हैदराबादला जातात, तिथून पुढे एकही गाणं नाही. भाड्याची खोली, डोशाची गाडी, भांडणं, बाळ. आणि शेवटी तर आवाजही नाही, रक्ताने भरलेली लहान पावलं तेवढी.

वर्गातही सगळं मोकळं नाही, हे मंजुळे आधीच दाखवतात. नवीन शिक्षक लोखंडे सर कविता शिकवत असतात आणि पाटलाचा पोरगा, तू कोण असं विचारल्याबद्दल, भर वर्गात त्यांच्या थोबाडीत मारतो. तरीही त्याच वर्गात आर्ची आणि परश्या एकमेकांकडे बघू शकतात. पाटलाची मुलगी आणि मासे पकडणाऱ्याचा मुलगा एका छताखाली बसतील अशी दुसरी जागा त्या गावात नाही. परश्याचा जिवलग मित्र सल्या, म्हणजे सलीम, मुसलमान आहे. त्याच्या तोंडी एकही भाषण नाही, त्याला देशभक्ती सिद्ध करावी लागत नाही. तो चिठ्ठ्या पोचवतो, टिंगल करतो आणि मित्रासाठी मार खातो. मराठी पडद्यावर इतका साधा मुसलमान मुलगा मी फार कमी वेळा पाहिला आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या वर्गाची एक तारीख आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. आणि त्याच वर्षी आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदाही केला. महाराजांना कळलं होतं की या दोन गोष्टी एकच आहेत. आपण त्यातली पहिली कशीबशी स्वीकारली. दुसरी सिनेमाच्या पहिल्या भागापुरती स्वीकारतो.

हे सारं ‘त्यांच्यातलं’ आहे, असं आपल्यातल्या कुणाला वाटत असेल तर एक आठवण सांगतो. माझ्या चुलत बहिणीला तिच्या कॉलेजातल्या एका मुलाने रीतसर मागणी घातली होती. मुलगा मुसलमान, नमाजी, नोकरीला लागलेला. पण घाटावरचा, दखनी; आपल्या कोकणी जमातीतला नाही. वडीलधारे अर्ध्या तासात ‘नाही’ म्हणाले. हज्जतुल विदाच्या खुतब्यात हजरत पैगंबरांनी (स.) अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही असं बजावलं होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. मी चहा पीत गप्प बसलो. पुढे तिचं लग्न जमातीतच झालं आणि तिच्या हळदीत मी ‘झिंगाट’वर नाचलो.

म्हणून मला वाटतं, हे सिनेमे टिकतात ते वर्गामुळे. जातीची, जमातीची, पैशाची कुंपणं अंगावर येण्याआधीची ती चार वर्षं प्रत्येकाला मिळालेली असतात, आणि गाणं लागलं की ती परत मिळतात. पण आपण गाणं ठेवतो आणि गोष्ट टाकून देतो. ज्यांनी मुलीला ‘नाही’ म्हटलं तेही त्याच ठेक्यावर नाचतात.

आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. हुडूक आणि टाळाच्या साथीने ते रामायण-महाभारतातली आख्यानं गातात आणि पोथीतलं एकेक चित्र पुढे धरत जातात. त्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ऐकणाऱ्यांना गोष्टीचा शेवट ठाऊक असतो, तरी ते बसून राहतात. तिथे गाणं चित्राला बांधलेलं असतं; सुखाचं चित्र असो की वनवासाचं, गाणं त्याच्याबरोबर चालतं.

त्या हळदीतल्या पोराच्या आईला मी दोष देणार नाही. आठ वर्षांच्या मुलाने तो शेवट पाहू नये. पण तो सोळा वर्षांचा होईल, कॉलेजात जाईल, कुणाची तरी मैत्री करील. तेव्हा त्याला तो शेवट एकदा दाखवावा. आणि त्याच्या शेजारी घरातल्या मोठ्यांनीही बसावं. मी बसायला तयार आहे.