टाडा ते यूएपीए: कडक कायद्यांची गोष्ट

टाडा, पोटा, यूएपीए ही नावं बातम्यांत सारखी येतात. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून आपण सोडून देतो. पण दहशतवादाचा कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकतो. म्हणून आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत.

१९८४ साली इंदिरा गांधींची हत्या झाली. पंजाब धुमसत होता. १९८५ साली टाडा आला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला याच कायद्याखाली चालला. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्ट पुरावा मानत नाही, कारण तो मारझोड करून घेतलेला असू शकतो. टाडामध्ये मात्र वरच्या पोलीस अधिकाऱ्याने घेतलेला जबाब चालू लागला. १९९४ पर्यंत ७६ हजारांवर माणसं पकडली गेली. त्यांतल्या शंभरात दोघांवरही गुन्हा शाबीत झाला नाही. ओरड झाली, आणि १९९५ साली मुदत संपल्यावर टाडा पुन्हा वाढवला नाही.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. २००२ साली पोटा कायदा मंजूर झाला. त्यातही पोलिसांपुढचा जबाब चालत होता. २००४ मध्ये पोटा रद्द झाला. पण त्याच वर्षी १९६७ च्या यूएपीए या जुन्या कायद्यात दहशतवादाची कलमं घातली गेली. यात पोलिसांपुढचा जबाब चालत नाही, हे बरं. पण टाडा-पोटाला मुदत होती, यूएपीएला मुदतच नाही.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तो आणखी कडक झाला. कोर्टाच्या परवानगीने आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडीत ठेवता येतं, आणि जामीन फार अवघड झाला. २०१९ पासून सरकार संघटनेलाच नव्हे, एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करू शकतं.

कायद्याच्या लेखी दहशतवादी कृत्य म्हणजे देशाची एकता, सुरक्षा किंवा अर्थव्यवस्था धोक्यात आणण्यासाठी, किंवा लोकांत दहशत पसरवण्यासाठी बॉम्ब, हत्यारं, विष वगैरे वापरणं. त्यात कुणाचा जीव गेला तर फाशी किंवा जन्मठेप. एरवी किमान ५ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

आता आपल्या घरातलं कलम. दहशतवादी आहे हे माहीत असून त्याला आसरा दिला, तर किमान ३ वर्षं कैद. नवरा-बायकोने एकमेकांना आसरा दिला तर हे कलम लागत नाही. आई, बहीण, वहिनी यांना मात्र ही सूट नाही. म्हणून ‘माहीत असून’ हे शब्द लक्षात ठेवा. नकळत जेवू घातलं, तर तो हा गुन्हा नाही.

स्फोटात ज्यांची माणसं गेली, त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण निरपराध माणूस वर्षानुवर्षं आत राहिला, तर त्याच्या बायकापोरांचे हाल कोण भरून देणार?

म्हणून एवढं पक्कं करू. कुणाला अटक झाली तर कारण लेखी मागायचं. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं का, ते बघायचं. न वाचता सही-अंगठा द्यायचा नाही. आणि बाईला, तिची कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा, गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.