एअर इंडियाचा 'महाराजा' : एका विमानकंपनीच्या लोकप्रतिमेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

उद्योगसंस्थेचा इतिहास लिहिताना भांडवल, व्यवस्थापन आणि नफातोटा यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. परंतु लोकमानसात त्या संस्थेची जी प्रतिमा तयार होते, तिलाही स्वतंत्र इतिहास असतो. मुंबईत वाढलेली 'एअर इंडिया' ही विमानकंपनी या दृष्टीने अभ्यासनीय आहे. झुकून अभिवादन करणारा मिशीवाला 'महाराजा' हे तिचे बोधचिन्ह अनेकांना कंपनीच्या नावाआधी आठवते. ही प्रतिमा कशी घडली, ती कोणत्या आधारावर उभी होती आणि तो आधार का खचला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

टपालापासून लंडनपर्यंत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन 'पुस मॉथ' जातीचे लहान विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहू येथे आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. भारतीय हवाई टपालसेवेतील हा महत्त्वाचा प्रारंभ होय. २९ जुलै १९४६ रोजी 'टाटा एअरलाइन्स'चे रूपांतर 'एअर इंडिया लिमिटेड' या सार्वजनिक कंपनीत झाले. मार्च १९४८ मध्ये सरकारच्या ४९ टक्के भागीदारीने 'एअर इंडिया इंटरनॅशनल' स्थापन झाली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनकडे निघाले. स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा महिन्यांत भारताची स्वतःची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली होती.

या घटनेशी नाशिकचाही संबंध आहे. पहिल्या उड्डाणानिमित्त टपाल खात्याने २९ मे १९४८ रोजी बारा आणे किमतीचे तिकीट काढले. ते नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले गेले. तत्पूर्वी डिसेंबर १९४७ मध्ये निघालेल्या स्वातंत्र्याच्या तिकिटांपैकी एकावरही विमानाचेच चित्र होते. अशोकस्तंभ व राष्ट्रध्वज यांच्या मालिकेत विमानाला स्थान मिळावे, ही बाब सूचक आहे. विमानप्रवासाचे तिकीट सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. टपालाच्या तिकिटावरचे विमान मात्र त्यांच्याही नजरेस पडू शकत होते. प्रवासापूर्वी प्रतिमाच समाजात पोहोचली, ती अशी.

महाराजाचा जन्म व त्यातील अंतर्विरोध

१९४६ मध्ये कंपनीचे वाणिज्य विभागप्रमुख बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी महाराजाला जन्म दिला. आरंभी तो कंपनीच्या टिपणवहीपुरता होता. पुढे भित्तिपत्रकांवर तो ज्या देशात जाई तेथील वेश धारण करू लागला आणि मुंबईत केम्प्स कॉर्नरच्या फलकावरून चालू घडामोडींवर मिस्कील भाष्य करू लागला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. महाराजा लोकप्रिय होत होता त्याच काळात देशातील संस्थाने विलीन होत होती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजांचे तनखेही बंद झाले. तरीही प्रजासत्ताकाच्या सरकारी विमानकंपनीचा चेहरा महाराजाच राहिला.

याचे उत्तर त्याच्या मुद्रेत सापडते. हा राजा आज्ञा देत नाही, तो लवून पाहुण्याचे स्वागत करतो. हा खरा राजा नव्हे, असे त्याचे निर्मातेही सांगत. भारत म्हणजे राजेरजवाड्यांचा देश, ही पाश्चात्त्यांची समजूत कंपनीने खोडून काढली नाही, ती आपल्या व्यवसायासाठी वापरली. यात चातुर्य होते, तसेच मर्यादाही होती. परकीयांना रुचेल असा भारत जगापुढे मांडला गेला. येथील सामान्य नागरिक त्या चित्रात प्रवासी म्हणून फारसा नव्हता.

प्रतिमेचा आधार

१ ऑगस्ट १९५३ रोजी विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. टाटा यांचा त्याला विरोध होता. तरी त्यांनी १९७८ पर्यंत अध्यक्षपद सांभाळले. १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने दाखल होऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९७१ मध्ये आलेल्या 'एम्परर अशोक' या बोइंग ७४७ विमानाच्या खिडक्यांभोवती झरोक्यांच्या कमानी रंगवल्या होत्या. वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन यांसारख्यांची चित्रेही कंपनीने संग्रहित केली. तथापि या सजावटीमागे काटेकोर सेवा होती, म्हणूनच ती लोकांना पटली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कंपनीची सर्वांत मोठी लोकसेवा महाराजाच्या चित्रात बसणारी नव्हती. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे मायदेशी आणण्यात आले. त्यांत कष्टकरी वर्ग मोठा होता. विमानात बसलेला हा प्रवासी राजेशाही पाहुणचाराच्या नव्हे, तर सुखरूप घरी पोहोचण्याच्या अपेक्षेत होता. राष्ट्रीय विमानकंपनी म्हणजे काय, याचा अर्थ त्या दिवसांत स्पष्ट झाला.

प्रतिमेला गेलेले तडे

१ जानेवारी १९७८ रोजी 'एम्परर अशोक' मुंबईच्या समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमानातील बॉम्बस्फोटात ३२९ जणांचा अंत झाला. पुढे स्पर्धा वाढली. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण होऊनही तोटा वाढतच गेला. २०१३ मध्ये मुख्यालय मुंबईहून दिल्लीला हलले. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे आली. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत झालेल्या अपघातात विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा आणि जमिनीवरील १९ जणांचा बळी गेला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, महाराजाची प्रतिमा केवळ जाहिरातकौशल्याने टिकली नव्हती. तत्पर सेवा, सुरक्षिततेवरील विश्वास आणि संकटकाळी धावून जाण्याची तयारी हे तिचे आधार होते. ते क्षीण झाल्यावरही चिन्ह लोकांच्या आठवणीत राहिले आणि पूर्वपुण्याईवर कंपनीला आपुलकी मिळत राहिली. परंतु अशी आपुलकी सेवेची जागा घेऊ शकत नाही. चिन्ह, रंगसंगती वा मालक बदलून गतवैभव परत येत नाही. प्रवाशाचा जीव सुरक्षित असल्याचा विश्वास दररोज नव्याने मिळवावा लागतो. लोकप्रतिमेच्या अभ्यासात चिन्हाच्या लोकप्रियतेपेक्षा त्यामागील उत्तरदायित्वाची नोंद अधिक महत्त्वाची ठरते, ती याच कारणाने.